रजेवरचा पत्ता: उजवा खुबा

गुलछडी गाईच्या डाव्या मागच्या सडातल्या पांढऱ्या पेशींनी रजेचा अर्ज दिला, तो वार मंगळवार होता. कांताबाई शेडगे सकाळची धार काढायला बसली होती. दगडी होऊन, म्हणजे सूज येऊन, बिघडलेल्या सडाची पहिली धार काळ्या बशीत घ्यायची आणि गुठळ्या बघायच्या, हे ती दोन वर्षं करत आली होती. त्या दिवशी गुठळ्या ओळीनं बसल्या. अक्षर बारीक, पण वळणदार होतं. 'अर्जदार: कासेतली पलटण. कारण: घरची आठवण. रजेवरचा पत्ता: उजव्या खुब्याचं हाड, आतली बाजू.'

कांताला नवल वाटलं नाही. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तिथं लोक लग्नाच्या पत्रिकेआधी रजेचा अर्ज वाचतात. तिचा नवरा बाजीराव बर्फातल्या चौकीवर होता. त्याची रजा तीनदा मंजूर होऊन तीनदा रद्द झाली होती आणि तिन्ही वेळचे डिंकाचे लाडू शेजारच्या सुभेदार आबांनी खाल्ले होते. देशासाठी एवढं करायलाच पाहिजे, असं ते लाडू चावताना म्हणत.

म्हणून बशी घेऊन ती आबांकडेच गेली. आबा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी दाढी अजून सावधानमध्ये उभं राहून करतात. त्यांनी चष्मा लावला.

"समास सोडला नाही," ते म्हणाले. "तारीख नाही. कारण मात्र खरं दिसतंय."

"मग देता का मंजुरी?"

"जागेवर बदली कोण? मोर्चा उघडा टाकून रजा मिळत नसते, सूनबाई. डॉक्टरचा शेरा आण."

गुरांचे डॉक्टर अत्तार दुपारी आले. त्यांनी कास दाबून बघितली, बशी वाचली, पुन्हा कास दाबली.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "यांचा जन्म हाडात, नोकरी कासेत. जंतू मांसाच्या भिंतीत दडून बसलेत. हे येतात, सापडेल त्याला गिळतात आणि तिथंच फुटतात. मागून नवे येतात. जंतू हटत नाहीत आणि हेही मागं सरत नाहीत."

"आणि रजेवर गेले तर?"

"सगळे एकदम गेले तर चारही सड जातील. मग गायही जाईल, वहिनी."

कांतानं गुलछडीच्या पाठीवर हात ठेवला. चार वर्षांपूर्वी, शेवटच्या सुट्टीत, बाजीरावानं ही कालवड दावणीला बांधली होती. मी येईस्तोवर हिला सांभाळ, एवढंच बोलून तो गाडीत बसला होता.

"एकदम नको," ती म्हणाली. "नवे येतील तसे जुने सोडा."

डॉक्टरांनी तसा शेरा द्यायचं कबूल केलं. पण मधे त्यांचं शिबिर निघालं, मग आबांचा गुडघा धरला, आणि आबा लंगडत सही करत नाहीत. मंजुरी व्हायला शनिवार उजाडला.

हुकूम मोठ्यानं वाचल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून आबांनी तो सडापुढं उकिडवं बसून वाचला. कांतानं बशी धरली. उत्तर आलं: 'मूळ अर्जदार मयत. आम्ही त्यांचे पणतू. रजा आम्हांस मिळावी.'

"त्यांची नोकरीच दोन दिवसांची," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही चार लावलेत."

"रजा वारसानं मिळत नाही," आबा म्हणाले. "तसा नियमच नाही."

"आबा," कांता म्हणाली, "ते लाडू कुणाच्या नावानं वळले होते आणि खाल्ले कुणी?"

आबांनी सही केली.

आता वाटेचा प्रश्न होता. रक्तातून कासेत उतरता येतं, पण कासेतून परत रक्तात चढायला वाट नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाट एकच, सडातून बाहेर. तेव्हा बाहेरूनच जायचं ठरलं. कांतानं रजेवाल्यांची धार तांब्यात काढली आणि गाईच्या तोंडापुढून वळसा घालून पलीकडं गेली. मागून जायचं नाही, हे डॉक्टरांच्या नडगीला चांगलं माहीत होतं. उजव्या खुब्यावर तिनं तांब्या हळूहळू रिता केला. गुलछडीची कातडी थरारली. तिनं मान वळवून ती जागा चाटली. आबांनी पोहोचल्याची वेळ लिहून घेतली, सव्वानऊ.

संध्याकाळच्या धारेला मागं राहिलेल्यांनी विचारलं: 'पोहोचले का? घर कसं आहे? निघालो तेव्हा नीट बघायला वेळ मिळाला नाही.'

कांतानं खुब्याच्या हाडावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ऊबदार हाय," ती सडाशी वाकून म्हणाली. "समदी खुशाल हायत."

रविवारी बाजीरावाचा फोन आला. रजा पुन्हा लांबली होती. त्याच्या जागी बदली मिळाली नव्हती.

"गुलछडी कशी हाय?"

"बरी हाय. तिच्यातली येऊन-जाऊन असत्यात आता सुट्टीवर."

तो म्हणाला, "सही कुणी केली?"

"आबांनी."

"माझं बी इचारून बघ त्यास्नी."

आबांनी यावेळी चार दिवस लावले नाहीत. तिथल्या तिथं शेरा मारला, 'बदली आल्यावर मंजूर.' कांतानं तो कागद सकाळी गोठ्यात मोठ्यानं वाचला. वाचायचा म्हणून वाचला. बशीत गुठळ्या गोळा झाल्या: 'शेडगे यांच्या जागी आमची तुकडी जाईल. मोर्च्याची सवय आहे. बर्फात उठून दिसणार नाही.'

त्यांची नोकरी दोन दिवसांची आणि चौकी पाच दिवसांच्या वाटेवर. म्हणून कांता एक दिवसाआड तांब्याला फडकं बांधून पहाटेच्या एसटीत ठेवते. मागची तुकडी वाटेत पुढचीला गाठून बदली करते, असं आबांनी नकाशावर बसवून दाखवलं आहे. कंडक्टर तांब्याला खिडकीजवळची जागा देतो. ते पहिल्यांदाच लांब निघालेत, त्यांना बघू दे, असं त्याचं म्हणणं.

गाडी खिंडीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कांता थांब्यावर उभी राहते. ती सवय तिला आधीपासूनची आहे. मग घरी येऊन डब्याचं झाकण उघडते आणि लाडू मऊ पडले नाहीत ना, ते बघते. आबा कुंपणापाशी उभे असतात. यावेळी त्यांना फक्त वास मिळतो.