डोकं घरी ठेवून या

मंदाताई सबनीसांच्या घरी पहिल्यांदा चहा प्यायचा असेल, तर आधी ‘पुणे हे कोल्हापूर जिल्ह्यातील एक खेडे आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं.

शनिवार पेठेत आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात मी ओळख करून घ्यायला वर गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, पेन दिलं, पाठकोरा कागद दिला आणि हे वाक्य सांगितलं. मी पेन खाली ठेवलं आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, “जिल्हा चुकला.”

“आणि खेडं?”

“त्याकडे मी येणारच होतो.”

“नापास,” त्या म्हणाल्या. मग मी लिहिलेलं ‘पुणे हे’ त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “अक्षरही औषधाच्या चिठ्ठीवरच शोभेल असं आहे. बसा, चहा टाकते.” नापासांनाही चहा मिळतो, एवढी सवलत आहे.

हा काय प्रकार आहे ते मला त्या चहावर कळलं. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतो. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक लिहितो. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, म्हणजे तो आपल्या ज्ञानाची भर घालणार नाही. त्यामुळे मुलं दरवर्षी मोठी होऊन बाद होतात आणि दरवर्षी नवी शोधावी लागतात. सरकारी कचेरीतून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून मंदाताईंचा हाच उद्योग आहे. मुलांची आवक आणि परीक्षा केंद्रांवर जावक.

त्यासाठी त्या भाषण करत नाहीत, आवाहन करत नाहीत. खाली जिन्यापाशी त्यांची एक पाटी आहे. ‘सुट्टीत काय करतोस असे विचारल्यावर “काही नाही” म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावर यावे. पेन आणावे. डोके आणू नये.’ पाटी वाचून चिडलेली मुलं जाब विचारायला वर जातात आणि खाली येताना त्यांच्या हातात पेपरचं वेळापत्रक असतं. शिवाय वॉचमनच्या वहीत येणारे-जाणारे आपली नावं लिहितात, ती मंदाताई रोज सकाळी वाचतात. एखादं अक्षर आवडलं तर त्या माणसाचा पत्ता काढतात. असं करता करता त्यांनी एका लग्नाच्या बोलणीला आलेल्या मुलाची धाकटी बहीण उचलली होती. लग्न मोडलं, बहीण तीन वर्षं लिहीत होती.

परीक्षा मात्र सगळ्यांना तीच. ज्यांच्या चार पिढ्या पेठेत गेल्या ती मुलं कोल्हापूरपाशी हमखास गळतात. एका मुलीने मन घट्ट करून वाक्य पूर्ण केलं, पण पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. यवतमाळहून शिकायला आलेल्या एका पोराने ते एका दमात लिहिलं आणि मान वर करून विचारलं, “पुढे?” मंदाताई त्या मुलाचं नाव आजही कौतुकाने घेतात.

“सर्टिफिकेट मिळेल का?” असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. “मिळतं ना. जो पास होतो त्याला.”

आणि पेपरला निघताना प्रत्येकाला एकच वाक्य. “हात घेऊन जा. डोकं घरी ठेवून ये.”

माझा हात निरुपयोगी निघाला, पण मंदाताई माणूस वाया घालवत नाहीत. “स्कूटर चालवता ना? मग पोहोचवायचं तुम्ही.” तेव्हापासून मी परीक्षेच्या दिवसांत रजा काढून परक्या मुलांना वारज्यापासून वाघोलीपर्यंत पोहोचवतो. स्वतःच्या परीक्षेला मी कधी वेळेवर पोहोचलो नव्हतो, असं माझी आई सगळ्यांना सांगते.

आमची इरा अकरावीत गेली तेव्हा तिचा नंबर लागला. तिने कोल्हापूरचं वाक्य दात-ओठ खात लिहिलं, पण लिहिलं. तिला पौर्णिमा मिळाली. सातारा जिल्ह्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, वारज्याला हॉस्टेलवर राहणारी. पहिले दोन पेपर छान गेले. दोघींची गट्टी जमली. इरा घरी मोबाइल सोडून चक्क माणसांबद्दल बोलायला लागली. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो, कुणी काही बोलायचं नाही, न जाणो थांबली तर.

तिसरा पेपर राज्यशास्त्राचा होता. इरा केंद्रातून घरी आली, ताटावर बसली आणि भात चिवडत एकदम रडायला लागली. दहा मार्कांचा प्रश्न होता, राष्ट्रपतींची निवडणूक कशी होते. पौर्णिमाने सांगितलं की त्यात फक्त खासदार मत देतात, आमदारांना मतच नसतं. ती पद्धत उपराष्ट्रपतींची. तिचं उलटसुलट झालं होतं, आणि त्यावरच तिने दीड पान सांगितलं.

“मला येत होतं, बाबा. आमदार देतात मत. फक्त एक शब्द बदलायचा होता. मी नाही बदलला. ती फेल होणार, आणि मी तिथे बसून तिला फेल केलं.”

राष्ट्रपतींचं मला स्वतःला नक्की आठवत नव्हतं. मी गंभीरपणे मान हलवली.

पुढचा पेपर एक दिवस सोडून होता. इरा म्हणाली, ती जाणार नाही. डोळ्यांदेखत चूक लिहायची असेल तर दुसरं कुणी तरी शोधा. मला पोरीचं रडणं बघवेना. मी बाप म्हणून ताठ उभा राहिलो आणि मंदाताईंना तसं स्पष्ट सांगायला वर गेलो. अर्ध्या जिन्यात माझा ताठा उतरला. मागे पाहिलं तर इराही येत होती.

मंदाताई चहात साखर घालत होत्या. दोन चमचे, शीग लावून. हे सांगतोय, कारण पास झालेली मुलं दरवर्षी त्यांच्याकडे पेढे घेऊन येतात आणि मंदाताई नुसता हात हलवून नको म्हणतात. “मला पेढा चालत नाही.” सगळी इमारत समजून होती की बाईंना मधुमेह आहे. मीही समजून होतो, आणि दर आठवड्याला त्यांचा तो पाकासारखा चहा पीतही होतो. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघाव्यात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं घरी ठेवण्याची मला सवय आहे.

इराने सगळं सांगितलं. पौर्णिमाकडे दुसरा लेखनिक नव्हता. इरा गेली नाही तर तिचा पेपर बुडणार, हे तिघांनाही माहीत होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

मंदाताईंनी चहा ढवळला. “माझा दादा होता,” त्या म्हणाल्या. “श्रीदादा. त्याला दिसायचं नाही. मी दहावीत होते, तो बी.ए.ला. त्याचे पेपर मी लिहायचे. एका पेपरात तो चुकीचं सांगत होता. मी बरोबर लिहिलं.”

इरा डोळे पुसायची थांबली.

“निकाल लागला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं, दादा, तो प्रश्न मी सावरला. तो म्हणाला, मग हा निकाल तुझा. पुढच्या वर्षी त्याने तो पेपर परत दिला. दुसऱ्या मुलाला घेऊन. छत्तीस मार्क मिळाले. त्याने अख्ख्या आळीला पेढे वाटले.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “मला नाही दिला.”

मी काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, की मग नंतर त्यांचं जमलं का.

“न जमायला काय झालं? चाळीस वर्षं एका घरात राहिलो. या इथेच. सकाळी मी पेपर वाचून दाखवायचे, अग्रलेखावर भांडायचो. पण लिहायला कधी त्याने मला सांगितलं नाही. साधं पोस्टकार्ड असलं तरी शेजारच्या मुलाला हाक मारायचा. मी तिथेच बसलेली असायचे. आता तोही नाही, आठ वर्षं झाली.” मग इराकडे न बघता म्हणाल्या, “तू एक शब्द बदलला नाहीस ना? बरं केलंस. परवा जायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही.”

पेपरच्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत इरा स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी होती.

निकाल मे महिन्यात लागला. त्या दिवशी संध्याकाळी पौर्णिमा काठी टेकत, इराचा दंड धरून, तिसऱ्या मजल्यावर आली. मी मागे पेढ्यांचा बॉक्स घेऊन. राज्यशास्त्रात एक्केचाळीस होते.

“राष्ट्रपती चुकले माझे,” ती हसत इराला म्हणाली. “तुला येत होतं ना ते?”

इरा कावरीबावरी झाली. “तुला कसं कळलं?”

“तुझं पेन थांबलं होतं. मला ऐकू येतं की. मी म्हटलं, आता ही बदलणार. मग परत पेनचा आवाज आला, आणि मी जेवढं सांगितलं तेवढाच वेळ आला.” तिने इराचा दंड दाबला. “म्हणून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माझे आहेत. लई बरं वाटलं.”

मग तिने बॉक्स चाचपून एक पेढा काढला आणि मंदाताईंचा आवाज मघाशी जिथून आला होता तिकडे हात पुढे केला. “आजी, घ्या.”

मंदाताईंनी नेहमीसारखा हात हलवला. नको. पेढा तसाच समोर. त्यांनी परत हात हलवला. चाळीस वर्षं दिसत नसलेल्या माणसाबरोबर काढलेली बाई हातानेच खुणा करत होती, आणि तोंडातून त्यांचं ते ‘चालत नाही’ काही येत नव्हतं. पौर्णिमाला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिचा हात जागचा हलला नाही.

इराने तोंड उघडलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यात मी वेळेवर केलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

मंदाताईंनी पेढा घेतला. उभ्याउभ्याच, सावकाश खाल्ला, बोटांना लागलेलासुद्धा. मग त्यांनी पदराने ओठ टिपले आणि अगदी लहान आवाजात पौर्णिमाला विचारलं,

“अजून एक आहे का गं?”