समोरच्या दाताची मोहीम आणि फाटकावरची शिट्टी

तीर्थरूप वायरमनसाहेब, मुखदुर्गाचे धनी, यांचा वरल्या तटाचा समोरील बुरूज कैसा ढासळला आणि कोणत्या मसलतीने पुन्हा उभा राहिला, हे वर्तमान पुढील माणसांस कळावे म्हणोन लिहिले. अधिकउणे वाचणाराने पोटात घालावे.

साहेबांची आदत ऐसी जे, पक्कड कमरेस असता वायर दातांनी सोलावी. आणि मातुश्री, म्हणजे साहेबांचे कुटुंब, होत्या तोवर रोज ताकीद होई की, "अहो, पक्कड काय शोभेला लावलीय?" मग मातुश्री गेल्या, ताकीद देणारे कोणी उरले नाही, आणि महिना लोटतो न लोटतो तो टेबलफॅनची वायर सोलता सोलता समोरचा दात कामास आला, मुळासकट निखळला.

दाताचे दुःख थोडे. परंतु शिट्टी त्याच दाताचे आश्रयाने वाजत होती. आणि घरचा रिवाज ऐसा की, कामावरून येता साहेबांनी फाटकाशी शिट्टी द्यावी, आतून मातुश्रींनी "ऐकलं हो!" म्हणावे आणि चहाचे आधण चढावे. आता साहेब फाटकातून मुक्याने येऊ लागले. ते लेकीने पाहिले आणि मोहीम मांडली.

मग दंतवैद्यीणबाईंचे दरबारी रुजू जाहले. बाईंनी जबड्याची तसबीर काढविली, हाडाचा मगदूर पाहिला आणि फर्माविले की, हाडात धातूचा स्क्रू रोवणे, हाड त्यास घट्ट धरी तोवर काही महिने सबुरी राखणे, मगच वर दात चढेल. दरम्यान सिगारेटीस सक्त मनाई.

"म्हणजे भिंतीत स्क्रू पिळतो तसंच की!" साहेब वदले.

"तसंच. फक्त ही भिंत ओरडते, म्हणून आधी बधिर करायची."

नेमल्या दिवशी सुई टोचली, यंत्र घरघरले, आणि साहेबांनी खुर्चीचे हात आवळून धरिले. दुखणे नव्हे, नुसता दाब. मग भीड चेपली, आणि तोंड वासलेलेच असता, आणखी अर्धा पीळ द्यावा, ऐसा सल्ला बोटाने फिरवून दिला. बाईंनी तो बोटासकट खाली ठेवविला.

परतताना मात्र घात जाहला. स्क्रू बसला म्हणजे काम जाहले, ऐसे समजोन साहेबांनी बधिर ओठांनिशी फाटकावर शिट्टीचा हल्ला केला. लाळेची फवारणी मात्र जाहली, आणि शेजारचे मांजर कुंपण ओलांडोन पळाले. मग सूज आली, बर्फ लागला, मऊ भातावर दिवस निघाले. आणि साहेब त्या दिवसापासोन मागल्या दाराने ये-जा करू लागले.

महिने सरले. हाडाने स्क्रू कबूल केला. बाजूच्या दातांशी रंग ताडोन नवा दात चढला. "वाजवून बघा की," बाई म्हणाल्या. साहेबांनी मान हलविली. इथे नव्हे.

घरी लेक पुढे होऊन स्वयंपाकघरात शिरली आणि कान देऊन उभी राहिली. फाटक करकरले. पहिला वार, नुसता वारा. दुसरा, तोही वाराच. मग बराच वेळ काही नाही. आता मागल्या दाराकडे वळले, ऐसे लेकीस वाटले. तोच शिट्टी आली, अंमळ वाकडी, पण ओळखीची.

"ऐकलं हो!" लेकीच्या तोंडून गेले.

बाहेर साहेब थबकले. मग पुढल्या दाराने आत आले, कमरेची पक्कड काढोन टेबलावर ठेविली आणि म्हणाले, "चहात आलं जरा जास्त टाक."

ऐसी फत्ते जाहली. चहास जुन्या सवयीने तीन कप मांडिले होते. त्यांतील एक लेकीने फडताळात परत ठेविला. येथवर लिहिले, ते खरे जाणावे.