मोडी शे, मोडेल नही

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्याचं सर्वांत मोठं ऋण भिकाआप्पांचं. शेजारी म्हणतात, आप्पा थोडे सटकलेले आहेत. मीही नाही म्हणत नाही. उधना स्टेशनवर गाडी उशिरा असल्याची घोषणा झाली, की हा माणूस खूश होऊन टाळी वाजवतो!

आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात शेजारी. सकाळची बारडोलीची गाडी दोघांची. ते तिथल्या साखर कारखान्यात, मी कॉलेजात. उधन्याला नवे रूळ टाकायचं काम निघालं, तेव्हापासून गाडीला ताळतंत्र उरलं नाही. रोज गुजरातीत घोषणा, ‘गाडी मोडी छे.’ लोक कपाळावर हात मारत. आप्पा फलाटभर ओरडत सुटत, “मोडी शे, मोडेल नही! बठा, भो, बठा!”

म्हणजे, उशिरा आहे, मोडलेली नाही. ही शिकवण आप्पांना महागात पडली होती. खानदेशातून सुरतेला नवे आले, तेव्हा बायकोला, सुमनकाकूंना, आणायला ते स्टेशनवर गेले. ‘मोडी छे’ ऐकलं, गाडी मोडली असं समजले आणि खोलीवर येऊन झोपले. गाडी आली. काकू पेटीवर बसून राहिल्या आणि परतीच्या गाडीने गावी गेल्या, त्या कायमच्या. आप्पा दिवाळीला गावी जातात, काकू वाढतात, बोलतात, पण सुरतेचं नाव काढलं की एकच वाक्य, “लेवाले कोनी वनं नही.” घ्यायला कुणी आलं नाही.

हा किस्सा आप्पा डब्यात सांगत आणि सर्वांत मोठ्याने स्वतःच हसत.

माझ्या शेवटच्या पेपरच्या दिवशीही गाडी मोडीच! मी रडकुंडीला येऊन घरी निघालो. आप्पांनी कॉलर धरली. “कोठे चालना? एक डाव मी गऊ, ते पुरं व्हयनं!” एकदा ते निघून गेले होते, तेवढं पुरे झालं. गाडी आली. बारडोलीला उतरून दोघे पळालो, तर कॉलेजचं दार बंद. आप्पा दारावरच्या गुजराती मॅडमपुढे हात जोडून म्हणाले, “बेन, पोऱ्या मोडा शे, मोडेल नही!” मॅडमना अर्धंच कळलं. “मोडो छे ने? चाल, अंदर आव!”

त्या संध्याकाळी उधन्याला उतरलो, तर आप्पा हलेनात. नंदुरबारकडून गाडी यायची होती.

“कोण येणार आहे, आप्पा?”

“कोनी नही. या कामनामुये रोज फलाट बदली ऱ्हायना. तुनी काकू वनी ते भांबावी जाई ना.”

तेव्हा ते हसले नाहीत.

नोकरी लागल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं:

तीर्थरूप आप्पांस नमस्कार.

फोन करत नाही. तुम्ही अर्धंच ऐकता. मी नंदुरबारला रुजू झालो आणि परवा तुमच्या गावी जाऊन आलो. ‘मोडी’ची गोष्ट तुम्ही अख्ख्या डब्याला सांगितलीत, काकूंना मात्र कधीच नाही! मी सांगितली. त्या इतक्या हसल्या की तव्यावरची भाकर करपली. मग म्हणाल्या, “येडाच शे. मी म्हनू, मी नको व्हती.”

रविवारी मी त्यांना घेऊन येतो. लेवाले तुम्हीच यायचं, ही त्यांची अट आहे. गाडी मोडी असणारच. घोषणा काहीही होवो, फलाटावरून हलू नका.

आपला,
किशोर