पिंपातले पाहुणे

"माझ्या पिंपात एक जरी अळी सापडली ना, तर मी स्वतः ते भंगारात देईन!" असं विनया सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणून बसली. घरी येऊन तिला ते वाक्य दोनदा आठवलं आणि दोन्ही वेळा घाम फुटला. सभेच्या वहीत ते शब्दन्‌शब्द उतरलं होतं, कारण अध्यक्ष हरेश्वरकाकांनी ते मुद्दाम उतरवून घेतलं होतं.

सगळ्याचं मूळ होतं ते दोनशे लिटरचं निळं पिंप. वसईतल्या त्या सोसायटीत पाणी यायचं एक दिवसाआड, आणि गॅलरीतलं पिंप काठोकाठ भरलं की विनयाला दोन दिवस कुणाची पर्वा नसायची. लोकांचे ब्लाऊज शिवून तिने ते घेतलं होतं. त्याच्यावर कुणी कपडा टाकलेलासुद्धा तिला खपायचा नाही. पण गेल्या उन्हाळ्यात ते भरून वाहिलं आणि खालच्या मजल्यावर हरेश्वरकाकांचे वाळत घातलेले सांडगे पुन्हा भिजले. तेव्हापासून काका पिंपाच्या वाईटावर होते. यंदा बिल्डिंगमध्ये डेंग्यूचे दोन पेशंट निघाल्यावर त्यांनी ठरावच आणला: ज्या भांड्यात अळी सापडेल, ते भांडं भंगारात. "भांडं कुणाचंही असो," असं त्यांनी वर ठणकावलं.

आरोग्य सेविका ऋतिकाने विनयाला पिशवीतून चार गप्पी मासे आणून दिले. "ताई, हे अळ्या खातात. झाकण बंद ठेवा, आणि वरून यांना काहीही खायला घालू नका. भूक लागली तरच कामाला लागतात."

दहा दिवस गेले. घरोघरच्या भांड्यांची तपासणी रविवारी होती. शुक्रवारी सकाळी विनयाने पिंपात टॉर्च मारला. मासे गरगरीत झाले होते. त्यांच्या नाकासमोरून अळ्या वळवळत ये-जा करत होत्या, आणि मासे त्यांच्याकडे पंगतीतला माणूस चौथ्या आग्रहाच्या जिलबीकडे बघतो तसे बघत होते. तळाशी भाताची शितं पडली होती.

"शितं कुणी टाकली?" तिने घरात येऊन विचारलं.

"मी," सासूबाई विमलाबाई देवापुढून म्हणाल्या. "नैवेद्याची आहेत. घरी आलेल्याला उपाशी ठेवायची आपल्यात रीत नाही."

"आणि बिस्किटाचा चुरा?"

कृष्णाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पेपर थोडा खाली घेतला. "मी चहा घ्यायला बसलो की वर येऊन तोंड उघडतात गं. एकट्याला घशाखाली उतरत नाही."

"अनुष्का?"

"मी फक्त नूडल्स देते, मम्मी. छोटे छोटे पीस. सिरीयसली, त्यांना खूप आवडतात!"

"आणि झाकण उघडं कोण टाकतं?"

यावर तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून एरॉलचा आवाज आला. "वहिनी, रागावू नका हां. सकाळी पाव आणतो ना मी, त्यातला थोडा इथूनच टाकायचो. मऊ मऊ तेवढाच. कडा नाही."

विनया मटकन स्टुलावर बसली. पिंप ओतून टाकावं, तर शनिवारी सोसायटीची टाकी धुणार होते, म्हणजे रविवार संध्याकाळपर्यंत नळाला थेंब नाही. शिवाय रिकामं पिंप बघून हरेश्वरकाका म्हणणार, "बघा, पिंपाशिवाय चालतं की!" चहाच्या गाळणीने अळ्या काढाव्यात, तर गाळणी दिसताच त्या तळाला बुडी मारायच्या.

"आजपासून माशांना उपास," तिने जाहीर केलं. पिंपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर वरवंटा.

घरावर अवकळा आली. कृष्णा बिनबिस्किटाचा चहा प्यायला. "ते उपाशी आणि मी गिळू?" म्हणून विमलाबाईंनी जेवण सोडलं आणि फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोनदा. एरॉल सकाळी पाव घेऊन सवयीने गॅलरीत आला, वरवंटा बघून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो तुकडा स्वतःच खाल्ला. शनिवारी दुपारी मात्र झाकण किलकिलं करून बघताना अनुष्का किंचाळली. "मम्मी, तो जाड्या अळीच्या मागे धावतोय!"

रविवारी हरेश्वरकाका वही घेऊन आले, सोबत ऋतिका. तिने पांढरा वाडगा पिंपात पाच वेळा बुडवला आणि पाचही वेळा उजेडात धरला.

"एकही नाही."

"नीट बघा," काका म्हणाले.

"तुम्हीच बघा, काका."

काकांनी चष्मा पुसून बघितलं. वाडग्यात स्वच्छ पाणी होतं आणि त्यात एक सडपातळ मासा त्यांच्याकडेच टक लावून बघत होता. एरॉलने शिट्टी मारली. विनयाला तर नाचावंसं वाटत होतं. सासूबाईंदेखत ते बरं दिसलं नसतं, म्हणून ती नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता तुमच्याकडे जाऊ," ऋतिका काकांना म्हणाली.

"आमच्याकडे पिंपच नाही!"

पण सगळी वरात खाली गेलीच. काकांच्या हॉलमध्ये निर्मळ गावच्या घरून आणलेलं तांब्याचं मोठं घंगाळ होतं, आणि त्यात तिथल्याच वाडीतला चाफा तरंगत होता. ऋतिकाने फुलं बाजूला सारली. खाली अळ्यांचं गोकुळ नांदत होतं.

"मी कधीची सांगतेय, पाणी बदला," काकांच्या पत्नी वसुंधराकाकू म्हणाल्या. "यांचं एकच, फुलं ताजी आहेत ना!"

"भांडं कुणाचंही असो, असं लिहिलंय," एरॉलने वहीत डोकावून वाचलं.

काकांनी घंगाळाच्या काठावर हात ठेवला. "आई यातल्या पाण्याने मला आंघोळ घालायची," ते हळूच म्हणाले.

विनयाने ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. पिंप जायची भीती काय असते ते तिला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. "काका, घंगाळ आज चांगलं घासून घ्या. माझ्या पिंपातले दोन मासे देते. फक्त ठराव बदला. अळी जाईल, भांडं नाही."

"सर्वानुमते मंजूर," काका घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं. खाली कंसात "निळ्या पिंपासह" असंही लिहिलं.

संध्याकाळी पाणी आलं. घरातले सगळे आत आहेत याची खात्री करून विनया पदराखाली काहीतरी लपवून गॅलरीत गेली. शुक्रवारच्या चौकशीत एकीची जबानी घ्यायची राहूनच गेली होती. पहिली पोळी गाईची, असं विमलाबाईंनीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणणार? म्हणून त्या पोळीचा तुकडा रोज पिंपात जायचा.

तिने झाकण उचललं, तोच खालून दबक्या आवाजात हाक आली.

"विनया, यांना सांडगा चालतो का गं? छोटासाच?"

"मुळीच नाही, काका!" विनया करड्या आवाजात म्हणाली. "उपाशीच ठेवायचे!"

आणि तिने पोळीचा तुकडा आवाज होणार नाही अशा बेताने पाण्यात सोडला.