खालच्या गल्लीचा जपान

हरणे ही एक विद्या आहे आणि ती सर्वांनाच साधत नाही. देगलूर तालुक्यातल्या सटवाजीला तर ती मुळीच साधली नव्हती. ग्रामपंचायतीत त्याचं कपबशी पॅनल आपटलं, संगप्पाची छत्री निवडून आली, आणि नळाची पाइपलाइन त्याच्या खालच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली (तांत्रिक कारणास्तव, गल्लीने छत्रीला मत दिलं नव्हतं, हे ते तांत्रिक कारण).

"हारले तुमी, अन् घागर माझ्या डोक्यावर," त्याची बायको नागाबाई म्हणाली. पाण्यासाठी तिला वरच्या गल्लीच्या हापशावर जावं लागे.

अशात शाळेच्या कार्यक्रमात तनुजा मॅडमनी जपानची हकिकत सांगितली. महायुद्धात जपान हरला आणि अमेरिकेची फौज जवळजवळ सात वर्षं उरावर बसली. तिने चांगली घरं साहेबांसाठी रिकामी करून घेतली, लोकांच्या अंगावर उवा मारायची पावडर फवारली, पोरांना चॉकलेट वाटलं, राज्यघटनेचा मसुदा आठवड्याभरात लिहून दिला. पेपरांवर सेन्सॉर बसवला, आणि सेन्सॉर आहे हे छापायलाही बंदी केली. मॅडम उपासमारीबद्दलही बोलल्या, पण तेवढ्यात चहा आला. सटवाजीने एकदम शेवट ऐकला: आज जपान कुठे आहे बघा!

"आपलं चुकलं कुठं, कळलं का?" तो घरी येऊन म्हणाला. "आपुन नीट हारलोच न्हाई."

मग बिनशर्त शरणागती ठरली. सटवाजीने पारावर साऱ्या गावादेखत संगप्पाला हार घातला. (मराठी भाषा मोठी धोरणी आहे. जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो तोही हार, हरणाऱ्याच्या वाट्याला येते तीही हार.) संगप्पाला जपान ठाऊक नव्हता, पण ताबा कसा घ्यावा हे त्याला शिकवावं लागलं नाही. खालच्या गल्लीतलं वाचनालय त्याच्या ऑफिसाला गेलं. धूरफवारणीचं मशीन एकदा फिरलं (डास वरच्या गल्लीत जाऊन मुक्काम करून परतले). संगप्पाच्या वाढदिवसाला पोरांना बिस्किटपुडे मिळाले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहावं अशी सुधारणा झाली. असं का, हे विचारायची जागा तोच ग्रुप असल्याने कुणी विचारलं नाही.

सटवाजी हरखला. सगळं अगदी जपानसारखं चाललं होतं. शेवटी दारोदार तोट्याही बसल्या. नागाबाईने तोटीला हळदकुंकू वाहिलं, खाली घागर ठेवली आणि तोटी फिरवली. सूं करून वारा आला.

सटवाजी तणतणत वरच्या गल्लीत गेला. तिथे हापशावर निवडणुकीत छत्रीचा प्रचार करून घसा बसवून घेतलेली राजकन्या नावाची बाई घागर घेऊन रांगेत उभी होती.

"आमच्या तोटीला बी वाराच येतोय, दादा," ती म्हणाली. "तुमी हारले, तुमाला बोंबलता तरी येतंय. आमी जिंकलोय, आमाला तेबी न्हाई."

सटवाजीला तेव्हा जपानचा मनापासून हेवा वाटला. तिथला ताबा एकदाचा उठला तरी. आपला दर पाच वर्षांनी संपतो, आणि आपणच सकाळी आंघोळ करून, रांगेत उभं राहून तो वाढवून देतो. सटवाजीला हसण्याआधी वाचकाने आपलं बोट एकदा निरखून पाहावं. ती शाई लवकर जात नाही.