भिला आप्पांचं मोठ्या आवाजातलं स्पॅनिश

रोज सकाळी सात वाजता सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत भिला आप्पा स्पॅनिश क्रियापदं चालवतात. "रेकोहो, रेकोहेस, रेकोहे!" तीन बिल्डिंगा जाग्या होतात. आप्पांची चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, गेली. तिथल्या खडखडाटात चढलेला आवाज निवृत्तीनंतरही उतरलेला नाही. भाजीवाली विनवते, "काका, धीमे बोलो ने." आप्पांना वाटतं, तिला भाषांची आवड नाही.

त्यांची लेक सुनीता स्पेनमध्ये असते, जावई तिथलाच. सहा वर्षांच्या नातीला, लुसियाला, फक्त स्पॅनिश येतं आणि फोनवर आजोबा दिसले की ती पळते. आपलं व्याकरण कच्चं म्हणून पोरगी पळते, असं आप्पांनी ठरवून टाकलं. लूमवर कापडातली खोट खडूने दाखवायची जुनी सवय. आता ते पार्किंगच्या भिंतीवर क्रियापदं लिहितात आणि बदललेल्या अक्षरांभोवती खडूचे गोल असतात.

"देख भाऊ," भिंतीपाशी आप्पा मला समजावतात, "आपली अहिराणी बोलीमा मी करस, तू करस, तो करस. काही झगडा नही. आठे स्पॅनिशमा 'रेकोहेर', म्हणजे 'उचलणं', लिखं तर सगळास्ले 'जी' अक्षर चालस, फक्त 'मी'ले 'जे' लागस. आवाज तोच."

"आप्पा, परीक्षा आहे का?"

"शे ना. रविवारे."

त्या रविवारी सुनीताचा फोन आला तेव्हा तो धरायला मी होतो. आप्पांनी 'रेकोहो'चं वाक्य बिनचूक म्हटलं: तू सुरतेला ये, मी तुला स्टेशनवरून घेऊन येतो. लुसियाने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती आईच्या मागे लपली. सुनीता चाचरत म्हणाली, "आप्पा, तिले वाटस तुम्ही रागावतस."

आप्पांचा चेहरा उतरला. मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर आम्ही त्या आवाजाची टिंगल केली, पण जवळ बसून कुणी सांगितलं नाही.

आप्पांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग लूमच्या गोंगाटात करायचे तसं त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली, भुवया उंचावल्या. जेवलीस का? लुसिया हळूच बाहेर डोकावली. तिने पोटावरून हात फिरवला आणि खुदकन हसली. आप्पा हसले, मग धोतराच्या सोग्याने बराच वेळ चष्मा पुसत बसले.

सोमवारी सात वाजता ते भिंतीपाशी उभे होते. "रेकोहो," ते म्हणाले, आणि इतकं हळू की ऐकायला मला खाली उतरावं लागलं.