तेलाला वास येत नाही

मालेगाव रोडवरील 'कोमलहृदय डबल रिफाइंड सोयाबीन तेल' कारखान्याच्या एक्स्ट्रॅक्शन विभागातील कामगार विनोद गोविंदा तायडे यांच्या डाव्या पायातील चप्पल आठवडी बाजारात निसटली, आणि ही बाब त्यांच्या निदर्शनास आली नाही. ते तसेच पुढे जाऊन मेथीच्या जुडीचा भाव करू लागले. चप्पल मागून येणाऱ्या त्यांच्या बायकोने, पौर्णिमाने, उचलली. तिच्या एका कडेवर तेरा महिन्यांची आम्रपाली होती, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी होती. चप्पल कशात धरली हे तिचं तिलाच ठाऊक.

"अहो, चप्पल?"

"कोनती?"

"पायातली."

विनोदनं खाली पाहिलं. "हे काय, आहे ना."

"ते एक आहे. दुसरी माह्या हातात आहे."

"मंग झाल्या ना दोन! कायले चिंता करतं?"

चिंता हा पौर्णिमाचा पूर्णवेळ व्यवसाय होता. ती बी.एस्सी. होती, आणि आमूच्या जन्मापासून तिचं सगळं शास्त्र घरातल्या माणसांवर चालू होतं. आमू शिंकली की ती मोबाईलवर शिंकेचे अकरा प्रकार वाचायची. सासूबाई, लिलाबाई, तिला 'आमच्या घरची सीआयडी' म्हणत. चपलेची नोंद तिच्या डोक्यात झाली ती झालीच.

नंतर एकदा लिलाबाई ओट्यावर बसून कौतुकानं म्हणाल्या, "आमू बापावर गेली वं माय! पाह्य कशी चालते, थेट विन्यावानी."

पौर्णिमानं पाहिलं. आमू गुडघा उंच उचलून पाऊल जमिनीवर फट्‌कन आपटत होती. त्या वयात सगळी लेकरं तशीच चालतात. तिच्या मागून विनोद येत होता. तोही गुडघा उंच उचलून पाऊल फट्‌कन आपटत होता. फरक एवढाच होता, की आमू रोज सुधारत होती.

तेल कसं निघतं हे पौर्णिमाला लग्नानंतर कळलं. आधी सोयाबीनचे पोहे करतात. मग त्या पोह्यांना हेक्झेन नावाच्या पातळ, पेट्रोलच्या भावकीतल्या द्रवानं आंघोळ घालतात. पोह्यांतलं तेल त्यात उतरतं, यालाच एक्स्ट्रॅक्शन म्हणतात; मग हेक्झेन तापवून उडवतात आणि गार करून पुन्हा कामाला लावतात. पुढं तेलाला कॉस्टिक सोडा देतात, मातीतून गाळतात, शेवटी वाफ सोडून त्याचा वास काढतात. ग्राहकाला तेलात रंग चालत नाही, वास चालत नाही, चव तर मुळीच चालत नाही. आता एवढं सगळं काढलं म्हणजे ते कुठंतरी ठेवायला लागणारच. थोडं हवेत ठेवतात, थोडं विनोदमध्ये.

त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास यायचा. सर्फ झाला, सोडा झाला, लिंबू झालं. शर्ट फाटला पण वास गेला नाही.

ती त्याला अकोल्याच्या नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तळपायाला टाचणी लावली. विनोद छताचा पंखा पाहत होता.

"टोचून राह्यले का, डॉक्टरसाहेब?" त्यानं नम्रपणे विचारलं.

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाले. मग पौर्णिमाकडे वळून त्यांनी सांगितलं, "हेक्झेनच्या वाफेनं पायाच्या नसा सुकताहेत. ती जागा सोडली तर हळूहळू भरून येईल. नाही सोडली, तर पुढचा नंबर हातांचा."

विनोद कामावरून आला की आमूला वर उडवायचा आणि झेलायचा. पोरगी खिदळायची. पौर्णिमानं त्याच दिवशी हा खेळ बंद केला.

कारखान्याचे सुरक्षा अधिकारी उत्कर्ष सर पुण्याहून आले होते, आणि फार गोड बोलायचे. त्यांच्या खोलीबाहेर 'आपली सुरक्षा, आपल्याच हाती' असा फलक होता. पायांविषयी त्यावर काही नव्हतं.

"विनोदजी, आपण प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. प्रश्न काय आहे?"

"चप्पल निसटते, साहेब."

"कामावर?"

"कामावर बूट राह्यते."

"म्हणजे प्रश्न घरगुती आहे. तरीही कंपनी आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही."

आणि खरोखर सोडलं नाही. आठवड्याच्या आत विनोदला मागून पट्टा असलेली सँडल मिळाली. सँडल निसटत नव्हती. पुढच्या महिन्यात कारखान्याच्या सुरक्षा-फळ्यावर लिहून आलं: चप्पल निसटण्याच्या तक्रारी शून्य.

मग पौर्णिमा स्वतः गेली. आमू कडेवर होतीच.

"सर, चपलेचा प्रश्न नाहीये. पायाचा आहे."

"मॅडम, पाय वैद्यकीय विभागाकडे येतो," उत्कर्ष सर खेदानं म्हणाले.

वैद्यकीय विभाग म्हणजे मंगळवारी येणारे एक डॉक्टर होते. त्यांनी विनोदला समोर बसवलं.

"चक्कर येते?"

"येते ना."

"कधी?"

"प्लांटवर असलो की."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"नाई येत."

"मग तब्येत उत्तम आहे," डॉक्टर समाधानानं म्हणाले. "चक्कर तुमची नाही, प्लांटची आहे. मी फक्त माणसं तपासतो."

पौर्णिमानं उत्कर्ष सरांना बदलीचं विचारलं. उत्तर सरळ होतं. बदली फक्त तंदुरुस्त कामगाराचीच होते, कारण नव्या विभागावर आजारी माणूस लादणं अन्यायाचं ठरेल. आणि विनोद तंदुरुस्त असल्याचं आत्ताच सिद्ध झालेलं असल्यामुळे त्याला बदलीची गरज नव्हती.

"आन् आजारी असतो त?" विनोदनं विचारलं.

"तर बदली झालीच नसती," उत्कर्ष सर म्हणाले. "तुम्ही नशीबवान आहात."

पावसाळ्याच्या तोंडावर विनोदचा पाय वाफेच्या नळीला टेकला. बुटाचा तळ वितळू लागला, पण विनोद मीटर वाचत उभा. शेजारच्या विभागात रोजंदारीवर असलेल्या आसेगावच्या हरीओमला जळक्या रबराचा वास आला, आणि तो ओरडला, "अबे विन्या, तू जळून राह्यला!" विनोदनं इकडंतिकडं पाहिलं, की कोण जळतंय.

चौकशी झाली. बूट दोषी ठरला. विनोदची मात्र सुरक्षा सप्ताहात 'सहनशील कामगार' म्हणून निवड झाली. कामगारांना सहकुटुंब बोलावलं होतं. पायाला पट्टी बांधलेल्या विनोदला शाल घालून उत्कर्ष सर भाषणात म्हणाले, "आपण बोटाला चटका बसला तरी घर डोक्यावर घेतो. विनोदजींनी हूं की चूं केलं नाही. एका क्षणासाठीही जागा सोडली नाही."

टाळ्या पडल्या. लिलाबाईंनी डोळे पुसले. "लहानपनी त विंचू चावला तं गाव गोळा केलं होतं यानं," त्या अभिमानानं शेजारणीला म्हणाल्या. "आता पाह्य कसा सुधरला."

बक्षीस म्हणून कोमलहृदय तेलाचा पिपा मिळाला. पौर्णिमा घरी त्या पिप्याकडे बघत बसली. त्यावर लाल हृदय छापलेलं होतं. हृदयाखाली लिहिलं होतं, 'आपल्या समाधानासाठी आम्ही सदैव जागे आहोत', आणि त्याखाली एक फुकट लागणारा नंबर होता.

कारखान्यात कोणीतरी जागं आहे ही बातमी तिला नवीन होती. तिनं नंबर लावला.

"कोमलहृदय परिवारात आपले स्वागत आहे. तेलाला रंग असल्यास एक दाबा. वास असल्यास दोन दाबा. पिशवी गळत असल्यास तीन दाबा."

पायासाठी काही नव्हतं. पौर्णिमानं दोन दाबलं.

"वास?" पलीकडच्या बाईंचा आवाज कापला. घरात कोणी गेल्याची खबर यावी तसा. "कसला वास, मॅडम?"

"पेट्रोलसारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू जायच्या आत दारात गाडी उभी राहिली. उत्कर्ष सर उतरले, गुणवत्ता विभागाच्या वर्षाराणी मॅडम उतरल्या, आणि मागून काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन ड्रायव्हर उतरला. चपलेनं, पायानं आणि वितळलेल्या बुटानं जे जमलं नव्हतं ते एका बटणानं केलं होतं.

मॅडमनी तेल हुंगलं, तापवून हुंगलं, गार करून हुंगलं. "तेलाला वास येत नाही," त्यांनी जाहीर केलं. मग त्यांचं नाक हवेत थबकलं. त्या हळूहळू नाकाच्या मागं चालत भिंतीवरच्या खुंटीपाशी पोचल्या. "वास इथून येतोय. हा शर्ट कोणाचा?"

"यांचा," पौर्णिमा म्हणाली.

विनोद दारात उभा होता. त्यानं नमस्कार केला.

"म्हणजे तेल निर्दोष आहे!" उत्कर्ष सरांचा जीव भांड्यात पडला. "वास कामगाराला आहे."

"पण या मॅडम ग्राहक आहेत," वर्षाराणी मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आणि ग्राहकाला वास येतोय. हे कंपनीच्या धोरणात बसत नाही."

संध्याकाळी आदेश निघाला. विनोद तायडे यांना एक्स्ट्रॅक्शनमधून पॅकिंग विभागात हलवण्यात येत आहे. कारण: ग्राहक समाधान. मुदत: ग्राहक समाधानी असेपर्यंत. पायाचा उल्लेख कुठंही नव्हता.

"मी तं कवाची म्हनत होती, घासून आंघोळ करत जाय," लिलाबाई म्हणाल्या.

कंपनीही यातून शिकली. एक्स्ट्रॅक्शनमधील कामगारांच्या घरी यापुढे कोमलहृदय तेल वापरू नये, असा नियम झाला. कामगार आणि ग्राहक एकाच घरात राहू लागले, की तक्रारी होतात. विनोदच्या जागेवर हरीओम गेला. त्याची आई करडईचं तेल वापरायची, त्यामुळे तो सर्व दृष्टींनी पात्र होता.

सोयाबीन निघायच्या सुमारास एका सकाळी विनोदचा पाय आमूच्या प्लास्टिकच्या जिराफावर पडला, आणि तो असा बोंबलला, की शेजारच्या रुपाबाई लाटणं घेऊनच धावत आल्या.

"काहून ओरडून राह्यला रे?"

"टोचलं!" विनोद म्हणाला. मग तोच थांबला. "पोर्णिमा, टोचलं वं मले!"

पौर्णिमानं जिराफ उचलून पदरानं पुसला आणि शिरा करायला घेतला. शिरा झाल्यावर तिनं बंदी उठवली. विनोदनं आमूला वर उडवलं आणि झेललं. आमू हा खेळ विसरली नव्हती.

दिवाळीनंतर हरीओम पेढे घेऊन आला. "वहिनी, पर्मनंट झालो! विन्याच्या आशीर्वादानं." तो बाजेवर बसला, चहा प्यायला, आमूचा गाल ओढला आणि निघाला.

आमू आता पळायची. ती अंगणातून पळत आली, हातात एक चप्पल घेऊन. "पप्पा," तिनं ती विनोदपुढं धरली. विनोदच्या दोन्ही पायांत चपला होत्या.

पौर्णिमा फाटकापाशी गेली. कोपऱ्यावर हरीओम मोटरसायकलला किक मारत होता, उघड्या पायानं. तिला पाहून त्यानं आनंदानं हात हलवला.

नंबर तिला पाठ होता.

"कोमलहृदय परिवारात आपले पुन्हा स्वागत आहे. आपल्या मागील तक्रारीचे निवारण झालेले आहे. असमाधानी असल्यास कोणतेही बटण दाबा. समाधानी असल्यास काहीही दाबू नका."

घरात विनोद आमूला वर उडवत होता. आमू खिदळत होती. दोन हात, दरवेळी, बरोबर झेलत होते. ग्राहक समाधानी असेपर्यंत.

पौर्णिमाचा अंगठा दोनच्या वर थांबला. बराच वेळ थांबला. मग फोन आपोआप कट झाला आणि कंपनीच्या समाधानी ग्राहकांत एकाची भर पडली. चप्पल तिनं धुऊन, पुसून, दाराशी नीट ठेवली.

पौर्णिमाला नावं ठेवायला कोणाची हरकत नाही. फक्त ठेवण्याआधी आपल्या स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी उलटून पाहावी. असा नंबर तिच्यावरही असेल, आणि तोही फुकटच लागत असेल. तुम्ही तो कधी लावला नसेल म्हणा. तुमच्या तेलाला कुठं वास येतो?